चौथ्या जागेचं पाणी

ओमानला महिनाभर राहून काय काय पाहिलंस, असं मला अजून कुणी ना कुणी विचारतं. मस्कतची मोठी मशीद पाहिली का, वाळवंटात उंटावर बसलात का, समुद्रात डॉल्फिन दिसले का. यातलं मी काहीही केलेलं नाही. माझा तिथला बहुतेक वेळ एका भिंतीसमोर, हातात टाइल कापायची पकड घेऊन आणि नाकाला रुमाल बांधून गेला. त्यातही सगळ्यात महत्त्वाचं काम मी चुकवून ठेवलं. तेव्हा ज्यांना ओमानची माहिती हवी आहे त्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगून टाकते.

सहम

२०१४च्या जानेवारीत माझी भाची मुग्धा हिने मला बोलावून घेतलं. तिचा नवरा निखिल सोहारच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि ही मंडळी राहतात तिथून अर्ध्या तासावरच्या सहमला. मी कराडच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरातल्या सगळ्यांना सुधारायला लागले होते. त्यामुळे मी कुठेतरी जावं असं घरच्यांनाही वाटत असावं.

सहम हे समुद्राकाठचं लांबट, सपाट गाव. एका अंगाला कोळ्यांच्या होड्या, दुसऱ्या अंगाला लिंबांच्या आणि आंब्यांच्या बागा, मध्ये दुकानांची रांग. सकाळी मासळी बाजारात गेले तर सुरमई इथल्यासारखीच, फक्त विकणारे पांढऱ्या झग्यातले बाप्ये. मुग्धाने तिची आमटी केली ती मी नेलेली आमसुलं घालून. तिची आठ वर्षांची मुलगी अन्वी मला मावशीआजी म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. मी मराठीत उत्तर द्यायचे. आमचं छान चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मुग्धा मला बाथरूमची टाइल घ्यायला दाऊदभाईंच्या दुकानात घेऊन गेली. दाऊदभाई दाभोळच्या खाडीकाठचे. माझं माहेर त्याच खाडीच्या पलीकडच्या अंगाला, गुहागरकडचं. एवढं कळल्यावर त्यांनी गिऱ्हाईक भावावर सोपवलं, चहा मागवला आणि कोणाचं घर कुठे, कोणाची होडी कोणाची, असं बोलणं सुरू झालं. दुकानाच्या मागे फुटक्या टाइल्सचा ढीग होता. तो बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शाळेच्या पाच भिंती मी मुलांकडून अशाच फुटक्या फरशांनी सजवून घेतल्या आहेत, हे मी त्यांना जरा जास्तच ऐटीत सांगितलं.

दाऊदभाईंनी कप खाली ठेवला आणि सरळ होऊन बसले. रुस्ताकच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. नळ येण्याआधी त्या गावाला ज्या बायकांनी पाणी पाजलं, त्यांच्या मानासाठी तिथल्या बायकांच्या मंडळाला एक चित्रांची भिंत हवी होती. भिंत तयार होती, टाइल्स होत्या, दोन गवंडी होते. चित्र काढणारा माणूस मात्र मुलीच्या लग्नाला केरळला गेला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता. महिनाअखेर वाली, म्हणजे तिथले मोठे अधिकारी, भिंत बघायला येणार होते.

"बाई, तुमी नुसती लाइन मारून द्या," दाऊदभाई म्हणाले. "बाकी आमची माणसं लावतील. दोन दिवसांत खलास."

मुग्धा मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मी हो म्हटलं. चित्र काढायला कुणी बोलावलं आणि मी नाही म्हटलं, असं आयुष्यात झालेलं नाही. बोलावणारेच कमी होते.

रुस्ताकच्या अलीकडे

सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना तिथले डोंगर अर्धवट वाटतात. कुणीतरी कडा काढून ठेवल्या आणि रंग भरायचे राहिले, असे. झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी दगड. आणि मग एका वळणावर खजुराची दाट बाग येते. आत शिरलं की हवा एकदम थंड होते, पक्षी ओरडायला लागतात आणि कुठून तरी पाण्याचा आवाज येतो.

ही सगळी हिरवळ फलजची. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातल्या विहिरीतून जमिनीखालून उताराने गावात आणलेला पाट. उगमाच्या त्या विहिरीला तिथे उम्म म्हणतात, म्हणजे आई. मी तो पाट पाहिला आणि मला हसूच आलं. माझ्या माहेरी पोफळींना असाच पाट होता. त्यात पाय सोडून मी लहानपणीच्या किती दुपारी काढल्या असतील. पाटाच्या पाण्याबद्दल मला कोण काय शिकवणार, असं मनात आलं. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या विचारात आहे.

बायकांचं मंडळ एका लांबट खोलीत गालिच्यावर बसलं होतं. खजूर आले, वेलदोडा घातलेली बिनसाखरेची कॉफी आली. कप इवलासा. नको असेल तर तो हातात हलवून परत द्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. पानात टाकू नये ही माझी रीत आणि पाहुण्याचा कप रिकामा ठेवू नये ही त्यांची. सातव्या कपानंतर मौझाने माझं मनगट धरून कप कसा हलवायचा ते दाखवलं. मौझा तिथल्या शाळेत शिकवते, असेल तिशीची. तीच आमची दुभाषी होती. तिची हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून आलेली, त्यामुळे ती साखर हवी का असं विचारतानासुद्धा सासूसारखी वाटायची.

मी घरून एक चित्र करून नेलं होतं. कमरेवर घागर घेतलेल्या तीन बायका. ते हातोहात फिरलं आणि खोलीत हसू पसरलं. कमरेवर आम्ही पोरं घेतो, एक जण म्हणाली, पाणी डोक्यावर. शिवाय घागर नाही, अरुंद तोंडाचं मातीचं मडकं. आणि चेहरे काढायचे नाहीत. ज्यांच्यासाठी ही भिंत आहे त्यांना आपला चेहरा रस्त्यावर लावलेला आवडला नसता. पाठमोऱ्या काढ, मौझाने सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं, कारण माझी चित्रं चेहऱ्यातच बिघडतात.

मग त्यांनी मला पाण्याचा क्रम सांगितला. फलज गावात जिथे पहिल्यांदा उघड्यावर येतो ती पहिली जागा. तिथे फक्त प्यायचं पाणी भरायचं, बोटसुद्धा धुवायचं नाही. दुसरी जागा मशिदीपाशी, वुजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची, आणि पुरुषांच्या आंघोळीची. तिसरी आडोशाची, बायकांच्या आंघोळीची आणि धुण्याची. पाचवी म्हणजे बागा. मी वहीत लिहीत होते. चौथी कोणती, असं विचारलं तेव्हा सगळ्या जणी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे बघायला लागल्या.

तिचं नाव उम्म हिलाल, म्हणजे हिलालची आई. मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेलेले. ती सरकत माझ्याजवळ आली, माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि कोपरापासून बोटांपर्यंत पाणी ओतल्यासारखी आपली ओंजळ फिरवली. मग डावा हात. असं तीनदा. हात खरखरीत होते पण स्पर्श हलका. बाळाला आंघोळ कशी घालायची ते दाखवतेय, असं समजून मी हसून मान डोलावली.

मौझाने सांगितलं, उम्म हिलालने चाळीस वर्षं गावातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घातली. चौथी जागा ती. पाटावर दगडी खोली होती, तिच्यातून पाणी वाहत जायचं. तीन वर्षांपूर्वी ओढ्याला लोंढा आला त्यात ती पडली. आता हे सगळं रुस्ताकच्या दवाखान्यात होतं, म्हणून खोली पुन्हा बांधायची नाही असं ठरलं आहे. उम्म हिलालला ती भिंतीवर हवी होती. टाइल्सची भिंत करा ही सूचनासुद्धा तिचीच. रंगवलेलं चित्र तिला दिसलं नसतं, टाइल्स हाताला कळल्या असत्या.

मी चांगलं आहे, छान आहे, असं काहीतरी म्हटलं. हात मात्र नकळत साडीला पुसला.

त्यानंतर आम्ही पाटाच्या कडेने चाललो. पडक्या खोलीचे चार दगड दिसले, मधून पाणी जात होतं, अगदी स्वच्छ. जरा पुढे उन्हाने अंग तापलं म्हणून मी पाण्यात हात घालायला वाकले आणि एकदम लक्षात आलं की हे त्या खोलीतून आलेलं पाणी. हात मागे घेतला. मग आणखी लक्षात आलं की याच पाण्यावर या खजुरी वाढतात, आणि सकाळपासून मी त्यातले नऊ-दहा खजूर खाल्ले आहेत. सहमला परत गेल्यावर मी डोक्यावरून आंघोळ केली. मुग्धाने विचारलं तर धुळीचं कारण सांगितलं. सुशिक्षित, शिकवून निवृत्त झालेली बाई मी, हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

भिंत

आराखडा मी दोन दिवसांत केला. डावीकडे डोंगर आणि त्याच्या पोटातली आईविहीर, मग मडकी भरणाऱ्या पाठमोऱ्या बायका, मग वुजू, मग धुणं वाळत घालणाऱ्या, आणि उजवीकडे खजुराची बाग. चौथ्या जागी मी डाळिंबाचं झाड काढलं. लालभडक फळं, खाली पाट. इथून शाळेची मुलं जाणार, वाली येणार, आनंदाची भिंत ती, तिथे मरण कशाला, असं मी स्वतःला समजावलं. डाळिंब तिकडे सगळ्यांना आवडतं, आणि झाड मला छान साधतं.

अन्वी माझी वही बघत होती. "मावशीआजी, यू स्किप्ड फोर," ती म्हणाली.

तिथे झाड आहे ना, असं मी म्हटलं. ती वही ठेवून खेळायला गेली.

मौझाने आराखडा बराच वेळ पाहिला आणि फार सुंदर आहे, टीचर, एवढंच म्हणाली. पाहुण्याला तोंडावर चूक दाखवायची नाही ही तिकडची रीत. आपल्याकडे असतं तर चार जणींनी लगेच बोलून दाखवलं असतं. मी तिचं ते म्हणणं होकार म्हणून घेतलं, कारण मला तेच सोयीचं होतं.

काम सुरू झालं. रोज सकाळी दाऊदभाईंचा पिकअप मला घ्यायला यायचा. मी कोळशाने भिंतीवर रेषा मारायची, गवंडी हातभर जागेवर माल लावायचे, आणि तो सुकायच्या आत आम्ही टाइलचे तुकडे बसवायचे. पहिल्या दिवशी आम्ही उन्हाचा अंदाज चुकवला. माल वाळून खडखडीत झाला आणि एक अख्खी बाई डोक्यावरच्या मडक्यासकट खाली आली. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर ओली पोती टाकायला लागलो. दहाच्या सुमाराला उम्म हिलालच्या घरून पातळ, कुरकुरीत भाकरी आणि मध यायचा. आपल्या आंबोळीला जरा जास्त वेळ तव्यावर विसरलं तर होईल तशी ती भाकरी. गवंडी, दाऊदभाई आणि मी, पाटाच्या काठावर बसून ती खायचो. मी हात धुवायला मात्र बाटलीतलं पाणी वापरायचे.

डाळिंबाचं झाड सगळ्यात सुरेख झालं. दाऊदभाईंनी लाल काचेच्या टाइल्स खास सोहारहून आणवल्या होत्या.

दहाव्या दिवशी उम्म हिलाल मौझाला धरून भिंत बघायला आली. बघायला म्हणजे हाताने. तिने डोंगरापासून सुरुवात केली. आईविहिरीचा गोल दोन्ही हातांनी चाचपला. मडक्यांची अरुंद तोंडं लागली तशी ती हसली आणि एकेका मडक्याला काहीतरी म्हणाली. धुण्यापाशी तिने मौझाला खूण केली, म्हणजे आता पुढची जागा माझी. आणि तिचे हात डाळिंबावर आले. ती फळांवरून बोटं फिरवत वर गेली, खाली आली, बाजूला गेली, परत आली. बरोबर तीच जागा ती पुन्हा पुन्हा शोधत होती. मग तिने मौझाला काहीतरी विचारलं. मौझाने हलक्या आवाजात एकच शब्द सांगितला. उम्म हिलालने हात काढून घेतले, ओढणीने बोटं पुसली आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भाकरी आणि मध नेहमीसारखा आला. उम्म हिलाल मात्र पुन्हा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरी आली नसती तर मला बरं वाटलं असतं, पण ती येत राहिली आणि मला ती गिळेना.

परत जाताना पिकअपमध्ये दाऊदभाईंनीच विषय काढला.

"बाई, तुमी तिची जागा काढून टाकलीत."

मी मुलांचं सांगितलं, वालींचं सांगितलं, आनंदाच्या ठिकाणी अशुभ कशाला हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"माझी आई गावात हेच करायची," ते म्हणाले. "बाईमाणूस गेलं की पयलं तिला बोलवायचे. लोक तिला उठून जागा द्यायचे. शुभ-अशुभ तुमचं तुमच्याकडं ठेवा. भिंत त्यांची हाय."

आधी का नाही बोललात, असं मी जरा चिडूनच विचारलं. तुम्ही टीचर, तुम्हाला सांगितलेलं तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं, मला वाटलं पुढे काढाल, असं ते म्हणाले. माझ्या परतीच्या विमानाला सहा दिवस होते आणि वाली पाच दिवसांनी येणार होते.

उम्म हिलालचं घर

सकाळी भिंतीकडे न जाता मी मौझाला घेऊन उम्म हिलालकडे गेले. अंगणात बोरीच्या जातीचं एक मोठं झाड होतं आणि ती त्याच्याखाली पाला निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि मौझाला म्हटलं, तिला सांग, मला भीती वाटली. आमच्याकडे असलं काम करणाऱ्या माणसाला आम्ही लांब ठेवतो. म्हणून मी झाड काढलं. दुसरं काही कारण नव्हतं.

मौझा घुटमळली. हे असंच सांगू का, तिने विचारलं. असंच सांग म्हटलं.

उम्म हिलालने ऐकून घेतलं. ती रागावली नव्हती. तिने तो पाला माझ्या हातात दिला. हा पाण्यात कुस्करायचा, त्याने अंग स्वच्छ होतं, ती सांगायला लागली. शेवटच्या पाण्यात कापूर. कापराचा वास माझ्या देवघरातला. तो इथे या कामासाठी, आणि तिच्या तोंडून तो तितक्याच आदराने आला. मग ती जे बोलली ते मौझा थांबत थांबत सांगत गेली.

"या बायका सात-आठ वर्षांच्या असल्यापासून पाणी आणत होत्या. बापाला, नवऱ्याला, पोरांना, पाहुण्यांना, बकऱ्यांना. स्वतः सगळ्यांच्या शेवटी प्यायच्या. जन्मभर यांनी दुसऱ्याला पाणी दिलं. यांना दुसऱ्या कुणी पाणी घातलं ते एकदाच. ते मी घातलं. भिंतीवर सगळं काढलंस, मग तेवढंच का नाही?"

मी रडायला लागले, आणि का रडतेय ते मलाच आधी कळलं नाही. मग आई आठवली. अकरा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी कराडहून पोचेपर्यंत दुपार झाली होती. ओटीवर तिला आवरून ठेवलेलं होतं. धुवट लुगडं, विंचरलेले केस, घट्ट बांधलेला अंबाडा. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, सगळं रीतसर केलं. पण तिला आंघोळ कोणी घातली, तिचे केस कोणी विंचरले, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. ते आपोआप झालं असावं असं धरून चालले होते.

हे मी मौझाला तुटक हिंदीत सांगितलं आणि तिने पुढे सांगितलं. उम्म हिलालने माझं डोकं थोपटलं आणि विचारलं, मग आता काय काढणार?

मी तिचे हात काढायचं ठरवलं. मृत देह नाही, चेहरा नाही, खोलीच्या चार भिंती, मधून पाणी आणि वरून पाणी ओतणारे दोन हात. सिमेंटच्या पोत्याचा कागद उलटा करून मी त्यावर तिचे पंजे ठेवले आणि कोळशाने भोवती रेघ मारली. तिला गुदगुल्या झाल्या. घरी बसून मी ते चित्र पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. हात असे, मनगटावर चार-चार हिरव्या बांगड्या.

"बांगड्या नकोत," ती म्हणाली. "त्या कामाला बसताना बांगड्या, अंगठ्या सगळं उतरवून ठेवायचं. नाहीतर तिला लागेल."

बांगड्या मी विचार न करताच काढल्या होत्या. बाईचा हात काढायचा आणि तो ओका ठेवायचा, हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं. आणि मेलेल्या माणसाला लागू नये म्हणून कोणी बांगड्या उतरवतं, ही कल्पना तर मी कधी केली नव्हती. मी त्या पुसून टाकल्या. मग तिने आणखी एक चूक काढली. पाणी आधी उजवीकडून. मी उजवा हात पुढे आणला.

पुन्हा भिंत

डाळिंबाचं झाड छिन्नीने काढायला दीड दिवस लागला. गवंड्यांचा जीव तुटत होता, माझाही. लाल काचा उडून पाटात पडत होत्या आणि मी गुडघाभर पाण्यात उतरून त्या वेचत होते, म्हणजे पुढे कोणाच्या पायाला लागू नयेत. पाणी चांगलं गार होतं. त्या दिवशी भाकरी खाताना मी बाटली उघडली नाही.

हात आम्ही पांढऱ्या आणि मातकट टाइल्सचे केले, पाणी निळ्या काचेचं. शेवटचे सांधे भरले तेव्हा वाली यायला एक दिवस उरला होता. उम्म हिलालला मौझा त्याच संध्याकाळी घेऊन आली. यावेळी ती डोंगरापासून गेली नाही, थेट चौथ्या जागेपाशी आली. निळ्या पाण्यावर तिने हात ठेवला आणि वर वर नेत टाइलच्या हातांपर्यंत पोचली. तिथे तिने आपले पंजे लावून पाहिले. बरोबर बसले. मनगटावर बोट फिरवून तिथे काही नाही ना याची खात्री केली. मग तिने काही बायकांची नावं घेतली, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून.

निघताना तिने मौझाकरवी मला विचारलं, तुझ्या आईला पाणी कोणी घातलं ते कळलं का?

नाही म्हटलं.

"घरी गेलीस की शोध," ती म्हणाली. "आणि तिला माझा सलाम सांग."

इन्शाल्ला, मी म्हटलं. हा शब्द मी तिथे महिनाभर ऐकत होते, म्हटला पहिल्यांदाच.

वाली आले, त्यांनी भिंत पाहिली, हलवा वाटला गेला. तो कार्यक्रम चांगला झाला असं म्हणतात. मी मागे खुर्चीवर बसून होते आणि दमले होते.

माहेरी

परतल्यावर आठवड्याभरात मी गुहागरकडे गेले. माहेरी आता भाऊ आणि वहिनी असतात. वहिनीशी माझं भांडण असं कधी झालं नाही, पण फार जमलंही नाही. आईचं सगळं तिने केलं आणि सल्ले मी कराडहून दिले, एवढं म्हटलं तरी पुरे. जेवणं झाल्यावर ती मागच्या पडवीत सुपाऱ्या सोलत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, आई गेली त्या दिवशी तिला आंघोळ कोणी घातली होती?

ती सोलता सोलता थांबली.

"मीच," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं घरात?"

मी तिला भिंतीचं सांगितलं, उम्म हिलालचं सांगितलं. ओमानमधल्या एका बाईने तुला सलाम सांगितला आहे, असं म्हटलं. वहिनीला आधी ते नीट कळलं नसावं. मी परत सांगितलं. तिने सूप बाजूला सारलं आणि पदर डोळ्यांना लावला. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडे न बघता बोलली.

"पाणी कोमट करून घेतलं होतं हो मी. आईंना गार पाणी सोसायचं नाही."